फेट्याखालचा माणूस

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. या ग्रुपवर ज्याला त्याला चिंचेखाली बाई दिसते आणि तिचे पाय उलटेच असतात... उलटे पाय कागदावर उतरवायला किती जड जातात, हे एकदा चित्रकाराला विचारा, मग फेका.

मी कोळशानं आणि खडूनं माणसं काढतो. केजपासून गेवराईपर्यंत भिंतीवरचे निम्मे म्हातारे माझ्या हातचे. हात असा, की एकदा कोंबडा काढला तर शेजारणीच्या कोंबड्या आठवडाभर माझ्या दारातून हलेनात. असो.

उमापूरकडं एक पुढारी आहेत, सगळे त्यांना बप्पा म्हणतात. निवडणूक तोंडावर आली तशी त्यांना वडिलांची आठवण आली — तसबीर देवळाच्या मंडपात लावायची! वडील गेले तेव्हा बप्पा पाळण्यात. फोटो एकही नाही. पण पुढाऱ्याचं कुठं अडतं?

"मास्तर, माझंच तोंड काढा. वर फेटा, मिशा पांढऱ्या. कोन बघितलंय त्येंला?"

ऐन तरुणपणी गेलेल्या माणसाला पांढऱ्या मिशा! मूर्खाला शहाणं करायचे पैसे मी वेगळे घेतो.

बघितलेलं एक माणूस घरातच होतं. बप्पांची आई बाजेवर बसलेली. काचबिंदूनं नजर चाललेली, थोडेच दिवस दिसेल असं डॉक्टरनं सांगितलेलं. त्याच्या आत मालकांचं तोंड एकदा बघायचं, एवढीच तिची इच्छा. ती सांगायला तोंड उघडायची, की बप्पा म्हणायचे, "माय, तुला काय आठवतंय आता, गप बस."

भोपळ्याला नाक लावावं तसं मी बप्पांचं थोबाड काढलं. राहिला होता डोळ्यातला पांढरा ठिपका. तो मी खडूनं सगळ्यात शेवटी देतो. तोवर चित्रातलं माणूस बघत नाही. आजीनं कागद नाकाशी धरला.

"ह्यो तर माझा बाळूच हाय की. सोंग कावून घेतलंय?" म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड फिरवून बसली.

कागद फळीला लावून मी आणि बप्पा हात धुवायला हौदावर गेलो. खडू-कोळशाची डबी माझ्या काखेत. पुढाऱ्याच्या घरात मी काहीच मागं सोडत नाही.

परत आलो तर... फेटा तेवढा माझा होता. खाली दुसराच माणूस. पोरसवदा, गाल बसलेले, मिशा काळ्या, एक भुवई मधोमध तुटलेली. दोन्ही डोळ्यांत पांढरे ठिपके — आणि तो बघत होता.

आजीनं डोक्यावर पदर ओढला आणि बाजेवरून खाली उतरून बसली. इतका वेळ आमच्यासमोर ती उघड्या डोक्यानं वर बसली होती. आता मालकांसमोर कशी बसेल?

"लई उशीर केला," ती चित्राला म्हणाली.

"ह्ये कोन हाय?" बप्पा माझ्यावर खेकसले. "पुसा आधी."

रबर घरी राहिलं म्हणालो. खिशातच होतं. मग त्यांनी स्वतःच तळहात चालवला. कोळसा पक्का बसायला चित्रावर दूध-पाणी फवारतात, ते अजून फवारलं नव्हतं. असा कोळसा फुंकरीनंसुद्धा उडतो. बप्पा घाम फुटेस्तोवर घासत होते. ते तोंड जागचं हललं नाही, आणि बप्पांच्या तळहाताला काळा डागसुद्धा नाही. मी फेट्याची एक घडी बोटानं पुसून बघितली. घडी गेली, बोट काळं.

बप्पा चपला घालून बाहेर निघून गेले. मंडपात पुढं त्यांचाच फ्लेक्स लागला, वडिलांचं नुसतं नाव.

आता ग्रुपवरचे पंडित सांगतील, हवेतला दमटपणा, नजरेचा भास. सांगा खुशाल, तुमच्या अकलेला तेवढंच काम. बप्पा गेल्यावर मी सामान आवरत होतो तेव्हा आजी चित्रातल्या माणसाला घरचं एकेक सांगत होती. कोण गेलं, कोणाला काय झालं. मधेच थांबायची... समोरच्याचं बोलून होईपर्यंत आपण थांबतो ना, तेवढंच.