मामेसासऱ्यांची काडीमोड

दारूतलं ओ की ठो कळत नसताना अख्ख्या गावाची दारू सोडवायला निघालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं की तो माझ्याच सासरचा निघाला. माझ्या बायकोचे मामा, म्हणजे माझे मामेसासरे, वडनेर भोलजीला कारली-वांगी पिकवत आणि उरलेल्या वेळात माणसं सुधारत. दारूचा थेंब त्यांनी जन्मात चाखला नव्हता. दारू आधी गुडघ्यांत उतरते आणि मग डोक्यात चढते, असं ते छातीठोकपणे सांगत, कारण पिणारे गुडघ्यातून वाकतात हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून येईल त्याच्या गुडघ्यांना एरंडेलाची मालिश आणि पहाटे पेलाभर कारल्याचा रस. कारली घरचीच असल्यामुळे या उपचारात कधी खंड पडला नाही. आणि हे ज्ञान वाटताना दर दोन वाक्यांमागे कनवटीची पितळी डबी काढून चिमूटभर तपकीर नाकात कोंबायची. व्यसन माणसाला गुलाम करतं, हे वाक्य त्यांच्या तोंडून शिंकेशिवाय पुरं झालेलं मी ऐकलं नाही. कोणी डबीकडे बोट दाखवलं तर म्हणत, "हे औषध आहे. डोकं मोकळं राह्यते." डोकं मोकळं होतं याबद्दल माझंही दुमत नव्हतं.

तेव्हा कागदोपत्री दारूबंदी होती. म्हणजे दारू दुकानात मिळत नसे, नाल्याकाठी मिळे. डॉक्टर लोक या दुखण्याला हात लावत नसत. मग मामेसासऱ्यांनी आपलं शास्त्र उचललं ते थेट पंचायतीतून. नवराबायकोचं पटेनासं झालं की पंचांपुढे काडी मोडतात आणि संसार संपतो, तसा पिणाऱ्याचा दारूशी मांडलेला संसार मोडायचा. अंगणात चौरंग, चौरंगावर मोहाच्या दारूची बाटली, तिला हिरवा खण गुंडाळलेला, समोर पाच पंच. पिणाऱ्यानं तुरीची वाळकी काडी मोडून म्हणायचं, "आजपासून तुझा-माझा संबंध नाही." मग बाटली लिंबाच्या बुडाशी रिकामी करायची आणि त्या माणसाला तीन दिवस कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, खोलीत कोंडायचं. तो आतून ओरडे आणि मामेसासरे बाहेर बसून त्याला शिंकत शिंकत उपदेश करत. गावातल्या शिंप्याची अशी काडीमोड झाली आणि आठव्या दिवशी तो गांजा ओढताना सापडला. "मामा, मोहाचीसंग काडी मोडली ना म्या? तिच्या वाटेले गेलो नाही," तो म्हणाला. "आता गांज्यासंग पाट लावला. काडी मोडल्यावर पाट लावाले कोनती बंदी आहे?" बंदी नव्हतीच. काडीमोड झालेल्यानं दुसरा घरोबा करायचा, त्यालाच तर पाट म्हणतात. दोन दिवस पंच बसवून मामेसासऱ्यांनी या मुद्द्याचा कीस पाडला आणि शेवटी काडी मोडतानाचं बोलणंच वाढवलं: "मोहाची, गुळाची, संत्र्याची, गांजा, अफू, भांग, ह्या साऱ्या तिच्या बहिणी, त्या मले मायबहिणीसारख्या." यादीत तपकिरीचं नाव नव्हतं.

अशा माणसाच्या हाती मला देण्यात आलं. मी अमडापूरला शाळामास्तर. एके दिवशी भरवर्गात, पाढे घेता घेता, खुर्चीवरून झिंगून खाली पडलो. त्याच दुपारी बायको तीन वर्षांच्या मुलीला उचलून सोनाळ्याला माहेरी निघून गेली. तिचा निरोप आला, "मामाकडं जाऊन काडी मोडा. महिना निभला तं पोरीले घेऊन यीन. नाही तं आमची वाट पाहू नका." महाराष्ट्र होऊन वर्ष झालं होतं, उन्हाळ्याची सुट्टी नुकतीच लागली होती, आणि नेमका धोंड्याचा महिना लागलेला. त्या महिन्यात जावयाला बोलावून गोडधोड घालायचं असतं. इथं मामेसासरे पुरते अडकले. जावयाला कोंडता येत नाही, दटावता येत नाही, कारल्याचा रसही पाजता येत नाही. त्यांनी माझे पाय धुतले, चांदीच्या वाटीत अनारसे ठेवले आणि कोंडण्याऐवजी स्वतःची खाट माझ्या खाटेला चिकटवली. असा पाहुणचार वैऱ्यालाही मिळू नये.

तिसऱ्या दिवशी माझे हात असे थरथरायला लागले की अनारसा तोंडापर्यंत जाईना. भर दुपारी उठलो आणि नाल्याच्या वाटेला लागलो. मामेसासरे मागून आले. हात धरायची सोय नव्हती, म्हणून नुसते बाजूनं चालत राहिले. "जावईबापू, ऊन लागन," एवढंच म्हणाले, आणि सवयीनं डबी काढली. माझं टाळकं सरकलं. मी म्हणालो, "आधी तुमची ही तपकीर सोडा, मग मला शिकवा." वाटलं, आता बसतील मूग गिळून. ते थांबले. डबी बंद केली. बांधावरची तुरीची वाळकी तुऱ्हाटी उपसली, तिची काडी मोडली आणि डबीला म्हणाले, "आजपासून तुझा-माझा संबंध नाही." मग उरलेली तुऱ्हाटी माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता तुमची." ना पंच, ना चौरंग, ना खण. मी काडी मोडली, कारण त्या क्षणी दुसरं काही करायला मला तोंड नव्हतं.

पुढचे दिवस एका घरात दोन व्यसनी, आणि खरं सांगतो, त्यांची दशा माझ्याहून वाईट. म्हशीवर ओरडत, हात कनवटीकडे जाई आणि रिकामा परत येई, बोलताबोलता शब्द विसरत, रागानं पंचा फेकत. डबी त्यांनी मामेसासूबाईंच्या हवाली केली होती. दोनदा ती मागायला गेले आणि दोनदा पाणी पिऊन परत आले. एका सकाळी खाटेवर बसून म्हणाले, "जावईबापू, असं होत असते काय? आतून कोनी कुरतडून राह्यलं असं?" मी म्हटलं, "असंच." पायांत चपला सरकवत ते म्हणाले, "आन् म्या त्या शिंप्याले तीन दिवस कोंडला. उपदेश करून राह्यलो होतो त्याले." त्याच दिवशी ते टोपलीभर कारली घेऊन शिंप्याच्या घरी गेले. माफी मागायला कारली नेणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का? पण त्यानंतर कुटाराच्या खोलीत कोणाला कोंडलं नाही. कोणी आला की त्याच्या शेजारी खाट टाकून निजत.

महिना संपला आणि बायको आली. मुलीला कडेवर घेऊन दारातच थांबली. माझ्याकडे न पाहता मामांना विचारलं, "मामा, खरं आहे काय?"

"माझं खरं आहे," ते म्हणाले. "त्यायचं त्यायले इचार."

तिनं मला विचारलं नाही. मुलीला माझ्या मांडीवर ठेवलं आणि हातपाय धुवायला गेली. ती काडी मी पुन्हा जोडली नाही. मामेसासऱ्यांबद्दल मात्र माझी खात्री नव्हती. नंतर जेव्हा जेव्हा वडनेरला गेलो, तेव्हा ते बोलताबोलता पाठ फिरवून पंच्यात नाक खुपसत, आणि मी मनात म्हणे, चाललंय ह्यांचं गुपचूप.

बऱ्याच वर्षांनी ते गेले. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. वांग्याची भाजी ठेवून झाली, कारली ठेवून झाली, त्यांच्या मुलांचे एकमेकांना सांभाळून राहायचे शब्द देऊन झाले. ऊन चढलं. तेव्हा तो शिंपी, आता पुरता म्हातारा, मामेसासूबाईंकडून ती पितळी डबी मागून घेऊन आला. ताजी तपकीर भरून ती पिंडाशी ठेवत म्हणाला, "हिच्यातच जीव असन." मलाही तसंच वाटलं. कावळे बाभळीवर बसले होते ते बसलेच. शेवटी मला बांधावरची ती काडी आठवली, मी पुढे झालो, डबी उचलली, तपकीर नदीत झटकली आणि मागे सरलो. सरतो न सरतो तोच कावळा खाली आला.

पितळेच्या चकाकीला कावळे बिचकतात, हे मी परतताना बायकोला नीट समजावून सांगितलं. डबी माझ्याकडेच राहिली. आता वासही उरलेला नाही तिला. तरी एखाद्या संध्याकाळी जीव कासावीस झाला की मी ती उघडून नाकाशी धरतो. बायको विचारते, "काऊन हो, डोये काऊन भरले?"

मी म्हणतो, तपकिरीनं.