वयाचंच आहे म्हणून सोडून दिलेलं दुखणं

ऑपरेटरबाईंना नोकरी सुटल्यावरही सगळे ऑपरेटरबाईच म्हणत. कापडगिरणीच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, दीडशे एक्स्टेन्शन तोंडपाठ. चौऱ्याहत्तराव्या वर्षी मात्र मुलाचा नंबर सांगताना त्या अडखळू लागल्या. आवाज घोगरा झाला, भर उन्हात अंगात स्वेटर, आणि बसल्या जागी डोळा लागायचा.

"वय झालं आता," मुलगा बायकोला म्हणाला. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, तेव्हापासून सुनेने त्यांना शेगडीकडे फिरकू दिलं नाही. बाईंना ते फार लागलं, पण भांडायलाही त्राण नव्हतं. आपण कामातून गेलो, असं त्यांनी मनाशी धरलं.

शेवटी मुलगा त्यांना विसराळूपणावरच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई मुलाशी न बोलता थेट बाईंशीच बोलल्या.

"आजी, थंडी वाजते? पोट साफ होतं?"

"थंडी हाडात शिरलीय. आणि पोटाचं म्हणाल, तर तेही रिटायर झालंय!"

डॉक्टरीणबाई खळखळून हसल्या, मग गळा चाचपून त्यांनी विचारलं, "थायरॉइड कधी तपासलंय?"

"नाही," मुलगा म्हणाला. "आम्हाला वाटलं, वयाचंच आहे."

"वयाच्या नावावर पुष्कळ काही खपतं. आधी रक्त तपासू."

रिपोर्टात टीएसएच कितीतरी पट वाढलेलं आणि थायरॉइडचं हार्मोन पार खाली गेलेलं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं; विसराळूपणा, थंडी, झोप, सगळं त्यातूनच. वय नि हृदय सांभाळून अगदी कमी ताकदीची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. महिनाभर ढिम्म फरक नाही. बाई वैतागल्या. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, गोळी थोडी वाढली.

तिसऱ्या महिन्यात बाईंचा स्वेटर उतरला, आवाज मोकळा झाला. एका सकाळी मुलगा पेपर वाचत होता. बाई समोर येऊन बसल्या.

"मला भ्रम झालाय असं ठरवून मोकळे झालात ना रे?"

त्याने पेपर खाली ठेवला. "चुकलं, आई."

बाईंनी पेपर उचलून त्याची घडी घातली. "तुला काय बोलू? मीही तेच ठरवून बसले होते."

सगळंच काही परत आलं नाही. नावं अजून निसटतात, गुडघे कुरकुरतात. पण आता रोज सकाळी त्या मुलाबरोबर फिरायला जातात, आणि तो मागे पडला की थांबून म्हणतात, "अरे, पाय उचल की जरा!"