जवाईबापूंचा स्कोअर

जुन्या कॉम्प्युटरसाठी नवे गेम लिहिणं हा माझा छंद, घरच्यांच्या मते रोग. गोंदियाच्या भंगारवाल्याकडून आणलेलं माझं यंत्र म्हणजे टीव्हीला जोडायचा एक जाडजूड कीबोर्ड. प्रोग्राम मी लॅपटॉपवर लिहितो आणि कंपाइलर तो या म्हाताऱ्याला कळेल असा करून देतो. पण त्याला सगळं आधी सांगावं लागतं. व्हेरिएबल म्हणजे आकडा ठेवायचा डबा. तो केवढा, हे सुरुवातीलाच ठरवायचं. 'बाइट' म्हटलं की लहान डबा, दोनशे पंचावन्नपर्यंत. त्यावर एक टाकला की पुन्हा शून्य. 'इंटिजर' दुप्पट जागा खातो, पण त्यात हजारो मावतात. मेमरी इवलीशी, म्हणून मी कंजूष सगळीकडे बाइटच ठोकतो. आणि कंपाइलर असा घुम्या, की आकडा सांडला तरी चकार शब्द काढत नाही.

यंदा चिचगडजवळच्या आमच्या गावी मंडई होती. दिवाळीनंतरची ही आमची जत्रा. लेकी-जावई घरी येतात, कोंबडा कापला जातो. धाकट्या बहिणीचं लग्न उन्हाळ्यात झालेलं, तेव्हा जवाईबापूंची ही पहिलीच मंडई. पहिल्या मंडईला जावई न जेवता उठला, तर गाव वर्षभर तेच चघळतं आणि भोगावं लागतं लेकीला. रस्सा शिजेपर्यंत त्यांचं मन रमावं म्हणून मी धानावरचे पोपट उडवायचा गेम लावून दिला.

जवाईबापू रंगले. शेजारीपाजारी जमले. स्कोअर दोनशे पंचावन्नवर पोचला, आणखी एक पोपट उडाला आणि पडद्यावर शून्य! कोणीतरी फिस्सकन हसलं.

"तुमची मशीनच बेइमान आहे," म्हणत जवाईबापू उठले. "मले भूक नाही."

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "तुह्या मशीनले आग लागो! पोरीनं आता तोंड कुठं लपवावं?"

मी घाईघाईत जवाईबापूंचा स्कोअर इंटिजर केला, पुन्हा कंपाइल केलं आणि हातापाया पडून त्यांना बसवलं. जोडीला दुसरी खेळाडू म्हणून बहीण बसली.

ती माझ्याच गेमवर वाढलेली. बघता बघता नवऱ्याच्या पुढे गेली. जवाईबापूंचं तोंड पुन्हा उतरू लागलं, तोच तिचा स्कोअर धाडकन शून्यावर आला. दुसऱ्या खेळाडूचा डबा मी बाइटच ठेवला होता. जवाईबापू पोट धरून हसले आणि स्वतःहून पाटावर जाऊन बसले.

बहीण माझ्याजवळ आली. "दादा, त्याइचा डबा मोठा अन् माझा लहान काऊन?"

"विसरलो गं. लगेच मोठा करतो."

"आता नोको. आधी त्याइले जेवू दे."

जेवलेल्या जावयाला रुसता येत नाही, असा आमच्याकडे नियम आहे. जवाईबापू दोनदा रस्सा घेऊन, हात धुऊन भिंतीला टेकले, तेव्हा तिनं मला खूण केली. मी तिचा डबा इंटिजर केला. "चला, अजून एक डाव," ती नवऱ्याला म्हणाली.

त्या दुपारी ती दोनशे पंचावन्नवर आली आणि थांबलीच नाही.