भट्टीचा खोटा आकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — आईला नाही, नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट कळत नाही.

केतकी पुण्याहून आमच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत आली, तेव्हा मी तिथे जुनी झाले होते. अणुवीज केंद्रातला किरणोत्सारी कचरा पिढ्यानपिढ्या बंद राहावा म्हणून सिरॅमिकची भांडी करायची आणि त्यांचं झाकण काच वितळवून कायमचं जोडायचं — हे आमचं काम. भांडं जमलं होतं. जोड टिकत नव्हता. मी त्यावर कितीतरी वर्षं डोकं फोडत होते. केतकीने आल्या आल्या काचेचं वेगळंच मिश्रण सुचवलं. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, तेलुगू, पण खुशीत आले की दख्खनीत बोलायचे. "देखो, क्या सोची केतकी!" माझ्याबद्दल कधी असं म्हणाले होते का? आठवत नाही — म्हणजे, आठवतंय. नव्हते म्हणाले.

तेवढ्यावर भागलं असतं कदाचित. पण हिमायतनगरच्या आमच्या घरी मीच तिला जेवायला नेलं, आणि आई तिच्या मराठीवर भाळली. "किती गोड बोलते पोरगी! नाहीतर तू — नुसतं हौ आणि नक्को." मी हसले, भात वाढला. चार पिढ्या हैदराबादेत काढल्यावर तोंडात दुसरं काय येणार? पण त्या दिवसापासून केतकीचा नुसता आवाज आला तरी माझ्या पोटात दुखायचं.

आता मुद्द्याचं. आमची भट्टी आकडा चुकीचा दाखवायची. आतली उष्णता त्याहून बरीच जास्त असायची. हे फक्त मला माहीत होतं. दुरुस्तीला गेली की लवकर परत येत नाही, म्हणून आधी बोलले नव्हते. माझे नमुने मी गुपचूप खालच्या आकड्यावर लावायची. केतकीचे मात्र दर वेळी फसफसून, बुडबुड्यांनी भरून बाहेर यायचे. एका दुपारी तिने सरळच विचारलं, "ताई, भट्टी बरोबर आहे ना?"

"हौ, एकदम बरोबर." तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले मी.

तिला वाटलं, मिश्रणच चुकलं. सरांचाही उत्साह ओसरला. शेवटी तिने संशोधनच सोडलं. निघताना माझ्या गळ्यात पडून रडली — "ताई, तुम्हीच तेवढ्या माझ्या बाजूने होतात."

मग मी काय केलं? ती गेल्यावर तिचंच उरलेलं मिश्रण योग्य उष्णतेला तापवून पाहिलं. जोड असा पक्का बसला, की गळतीच्या चाचणीत काही म्हणजे काही सापडलं नाही. मी तो नमुना हातोडीने फोडला आणि तुकडे फेकून दिले. सरांना सांगितलं नाही. तिला तर नाहीच.

घरी आईने विचारलं, "केतकी का गं गेली?"

"तिला जमलं नाही," मी म्हणाले. आणि ते म्हणताना मला बरं वाटलं — खूप बरं वाटलं.