हायड्रोजन भाऊची बहीण

शीतल म्हणजे नरसिंगची पाठची बहीण. सख्खी, एकुलती एक, अन् त्याच्याच दुकानात वाढलेली. हिंगोलीकडच्या गोरेगावात कोणाची विहिरीवरची मोटार जळाली की तो नरसिंगकडंच येतो. आठवीपातूर शिकलेला माणूस, पण तांब्याची तार हातात धरली की ती त्याचं ऐकते. पाच एचपी असो का दहा, त्यानं नवी तार भरून दिलेली मोटार कधी माघारी आली न्हाई. हे तो स्वतःच सांगतो, अन् दिवसातून दोनदा सांगतो. फक्त शीतलची गोष्ट निघाली की मोटारी बाजूला राहतात.

बाप गेला तवा ती सहा वर्षांची होती. शाळा सुटली की दुकानात यायची, पोत्यावर बसायची अन् नरसिंग तार भरायला लागला की फेरे मोजायची. एकदा एक शेतकरी मोटार न्यायला आला. दोघांनी उचलून गाडीत टाकली, तोच हे एवढंसं पोरगं म्हणतं, "दादा, एका खान्यात चार फेरे कमी हायेत." नरसिंगनं डोळे वटारले, पण ती काही गप बसली न्हाई. शेतकऱ्यानं हसत मोटार खाली घेतली. उलगडून मोजलं तर बराबर चार कमी. त्या दिवशी नरसिंगला चार माणसांत मान वर करता आली न्हाई. पुढं वर्षभरानं हीच गोष्ट तो छाती फुगवून सांगायला लागला. मीच शिकवलं तिला, म्हणायचा.

हिंगोलीला डिप्लोमा झाला, पुण्याला डिग्री झाली अन् तिथंच एका नव्या कंपनीत ती लागली. पाण्यातून हायड्रोजन काढायचा, लोखंडी कपाटात धातूची भुकटी भरायची, त्या भुकटीत तो मुरवून ठेवायचा अन् लागंल तवा त्याची वीज करायची, असं ते काम. नरसिंगला त्यातलं निम्मं कळलं अन् त्यानं दुप्पट सांगितलं. पुढच्या साली ट्रॅक्टर पाण्यावर चालतील, असं त्यानं सेनगावच्या जीपमधी बसलेल्या अनोळखी माणसांनाबी सांगून टाकलं. दुकानाची पाटी नव्यानं रंगवून घेतली: शीतल हायड्रोजन मोटार वायंडिंग. गाव त्याला हायड्रोजन भाऊ म्हणायला लागलं. तो मान हाय का टवाळी, याचा त्यानं कधी विचार केला न्हाई. हाक आली की व्हय म्हणायचा.

गेल्या पावसाळ्यात शीतलचा फोन आला. कंपनीनं हायड्रोजन सोडून दिला होता.

"काहून? फुटलं का काय?"

"फुटलं न्हाई दादा. कोणी घेईना. लोकांना वीज आज पाहिजे, अन् आमी साठवण घेऊन बसलो. आता जिथं वीज लागते तिथंच ती बनवून द्यायची. पत्र्यावर पॅनल, खाली बॅटरी."

नरसिंगनं फोन ठेवला. पॅनल तर बसस्टँडजवळचा बंटीबी विकतो. त्यात काय सांगायचं? त्यानं कोणालाच सांगितलं न्हाई. आईलाबी न्हाई. चहाच्या टपरीवर कोणी विचारलं तर जोरात चालू हाय म्हणायचा अन् पाटीकडं न बघता शटर उघडायचा.

मार्चात हळदीचा हंगाम लागला अन् शीतल गावात आली, मागं टेम्पो घेऊन. कंपनीचं जिल्ह्यातलं पहिलं काम तिनं उकंडरावच्या हळदीच्या शेडसाठी ठरवलं होतं. तिथं रोज सकाळी दहाला लाईट जायची. हळद पॉलिश करायचा ड्रम जागीच थांबायचा अन् निवडणाऱ्या बाया दुपारपातूर हात बांधून बसायच्या. नरसिंगनं आधीच फोनवर सांगून पाहिलं होतं की वसमतला बसव, तिकडं हळद जास्त. आपल्या गावात काहून न्हाई, असं तिनं विचारलं, तवा त्यानं गिऱ्हाईक आलं म्हणून फोन ठेवला.

टेम्पोतून उतरलं ते लोखंडी कपाट जुनंच होतं. हायड्रोजनचं काम बंद पडलं तवाची कपाटं कंपनीनं पांढरा रंग मारून बॅटरीला वापरली होती. रंगाखाली आगीचं लाल चिन्ह अजून दिसत होतं.

शीतल पत्र्यावर चढून पॅनलच्या तारा जोडून राहिली होती. खाली वीस-पंचवीस माणसं जमली. उकंडरावनं कपाटावर थाप मारली.

"नरसिंग, यातच हाय का तुझा हायड्रोजन?"

सगळी तोंडं त्याच्याकडं वळली. दोन वर्षं ज्यांना ऐकवलं, तीच ही माणसं.

"व्हय. भरूनच आणलाय."

हळद निवडणाऱ्या बायांची मुकादम सोजराबाई, नरसिंगच्याच गल्लीतली. तिनं ते लाल चिन्ह पाहिलं, हातातलं सूप खाली ठेवलं अन् बायांना म्हणाली, उठा. गॅसच्या टाकीजवळ आमी बसत न्हाई. एकेक करत सगळ्या बाया फाटकाबाहेर गेल्या. उकंडरावबी चार पावलं मागं सरला.

शीतल घाईनं खाली उतरली. यात नुसत्या बॅटऱ्या हायेत, हायड्रोजन कंपनीनं कवाच सोडला, असं तिनं दोनदा सांगितलं.

"बाई," उकंडराव म्हणाला, "तू म्हणतीस न्हाई, तुझा थोरला भाऊ म्हणतो हाय. दोन वर्षं झाले, त्याच्याच तोंडून ऐकून राहिलो. सकाळी टेम्पो बोलाव अन् हे घेऊन जा."

शीतलनं नरसिंगकडं पाहिलं. एक शब्द पुरे होता. नरसिंगनं खाली वाकून पक्कड उचलली अन् उगाच फडक्यानं पुसत राहिला.

संध्याकाळी जेवताना ती रागावली न्हाई. रागावली असती तर बरं झालं असतं. भाकरीचा तुकडा मोडत तिनं एवढंच सांगितलं की हायड्रोजन बंद करा, असं कंपनीत तिनंच लिहून दिलं होतं. तीन वर्षं तिनं त्यावर काम केलं होतं. मापं घेतली, जमत न्हाई हे कळलं, अन् सगळ्या साहेबांसमोर उभं राहून तिनं तसं सांगितलं.

"मला लाज न्हाई वाटली दादा. तुला माझी काहून वाटते?"

तिची न्हाई वाटत, असं नरसिंगला म्हणायचं होतं. पण ते खरं हाय का, हेच त्याला कळेना. आईनं दुसरी भाकरी वाढली, ती तशीच ताटात राहिली.

सकाळी शीतल टेम्पोवाल्याला फोन लावून राहिली होती. नरसिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"फोन ठेव. कपाटाची चावी दे."

सात वाजता दोघं शेडवर पोचले. बाया फाटकाबाहेर उभ्या होत्या, आत यायला तयार नव्हत्या. उकंडराव खाटेवर बसला होता. नरसिंगनं कपाटाची दोन्ही दारं उघडली अन् बाजूला सरला.

"सोजरा मावशी, ये, बघ. बॅटऱ्या हायेत. यात हायड्रोजन न्हाई. कंपनीनं सोडला त्याला आठ महिने झाले, अन् मला ते ठाऊक होतं. काल मी खोटं बोललो. माझी बहीण खरं बोलत होती."

"मंग काहून बोललास?" उकंडरावनं विचारलं.

"लाज वाटली."

सोजराबाई पुढं आली, पदर नाकाला लावून तिनं आत वाकून पाहिलं, रांगेनं लावलेल्या बॅटऱ्या पाहिल्या. मंग नरसिंगला खालपासून वरपातूर न्याहाळलं.

"तू बस हिथं, पाठ टेकून. फुटलं तर पैलं तू."

शीतलनं दारं लावली अन् नरसिंग कपाटाला पाठ लावून भुईवर बसला. बाया आत आल्या, सुपं हातात घेतली, अन् शीतलनं पत्र्यावर चढून राहिलेल्या तारा जोडल्या, ड्रम चालू केला. दहाला शेजारच्या दुकानातला पंखा बंद पडला. ड्रम फिरतच राहिला. उकंडराव उठून ड्रमपाशी गेला, आतली फिरती हळद पाहिली अन् टेम्पोचं काही न बोलता परत खाटेवर बसला.

"हायड्रोजन भाऊ, सरका जरा, पोतं ठेवायचंय," एक बाई म्हणाली, अन् सगळ्या बाया हसल्या. शीतलबी हसली.

"व्हय," म्हणाला नरसिंग. अन् मान वर न करता हातभर सरकला.