वद्य चतुर्थीचं फोल्डर

मंगळवारी सकाळी विनायक गेले.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. घडलं तसं लिहिते आहे.

विनायक, माझे पती, बुऱ्हाणपुरात लालबागच्या एका धर्मादाय दवाखान्यात कॉम्प्युटर सांभाळत. मराठी महिन्याच्या पहिल्या दिवशी ते सगळ्या नोंदींचा पूर्ण बॅकअप घेत. मग रोज संध्याकाळी फक्त त्या दिवसाचे बदल. फोल्डरांना नावं तिथीची. डिस्क रोज घरी, सिंधीपुऱ्यात, कपाटात.

गुरुवारी दवाखान्याचा कॉम्प्युटर जळाला. शुक्रवारी त्यांचे सहकारी दुबेजी लॅपटॉप घेऊन घरी आले. सोबत निंबोल्याची एक सून होती. तिच्या सासूचं चार वाजता दुसऱ्या हॉस्पिटलात ऑपरेशन होतं. बुधवारी आमच्याच दवाखान्यात एका इंजेक्शनने म्हातारीचा गळा सुजला होता. ते नाव डॉक्टरांना हवं होतं.

"दोन दिली होती. कोणतं बाधलं ते मीच टाईप केलं, पण आता याद नाही येत, भाभी," दुबेजी म्हणाले.

"डिस्कवर सोमवारपर्यंतचंच असेल," मी म्हटलं. पर्समधून किल्ली काढून कपाट उघडलं.

रिस्टोअर दोनदा अडकलं. मी स्क्रीन पाहिली. दुबेजींनी आषाढ वद्य आधी लावला होता, शुद्ध नंतर.

"आमच्या पंचांगात कृष्ण पक्षच पहिले येतो ना."

"ह्यांच्यात शुद्ध आधी. पूर्ण बॅकअप शुद्ध प्रतिपदेचा आहे. त्यावर ओळीने चढवा."

"म्हणजे आमचा महिना तुमच्या पंधरा दिवस पहिले लागतो," दुबेजी म्हणाले, "तरी ड्यूटीवर लेट मीच."

सून हसली, मग पदर तोंडाला लावून घड्याळाकडे पाहू लागली. तीन वाजत आले होते.

या वेळी एकेक फोल्डर चढत गेलं. सोमवारी वद्य द्वितीया होती. तिथे संपायला हवं होतं. तृतीया नव्हती... पण चतुर्थी होती. बुधवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं — विनायकांची रोजची वेळ.

तीही चढली. म्हातारीची नोंद आली, इंजेक्शनच्या नावासकट.

"हे मीच लिहिलंय," दुबेजी हळू आवाजात म्हणाले. "पण भाभी, डिस्क तर..."

"इथेच होती."

सुनेने नाव फोनवर दोनदा वाचून दाखवलं. ऑपरेशन नीट झालं, म्हातारी घरी आली.

नंतर मी बऱ्याच शक्यता तपासल्या. डिस्क सोमवारपासून कुलपात होती आणि किल्ली माझ्याकडे. तिथीने नावं देणारं दवाखान्यात दुसरं कोणी नव्हतं. जाणकारांना विचारलं; ते म्हणाले, कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल. घड्याळ चुकू शकतं. पण बुधवारी टाईप केलेली नोंद सोमवारी ठेवलेल्या डिस्कवर कशी आली, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

आता बॅकअप दुबेजी घेतात. फोल्डरांना ते तारखा देतात.