सालींनी निकेल धरलं

आमच्या मुलाम्याच्या कारखान्यात काकूंनी बावीस वर्षं कॅन्टीन सांभाळलं. नळाच्या तोट्या निकेलच्या हौदात बुडवून चकचकीत करायच्या, हे आम्हा तीस जणांचं काम. आम्हाला केळी, उकडलेली अंडी आणि चहा वेळेवर द्यायचा, हे काकूंचं. शाळा सातवीतच सुटलेली, पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की तिचा पिच्छा सोडतील त्या काकू कसल्या!

एका सोमवारी पाणी तपासणाऱ्या सरकारी बाई येऊन गेल्या. तोट्या धुतलेल्या पाण्यात निकेल मर्यादेच्या चौपट निघालं. दीड महिन्यात पाणी सुधारा, नाहीतर कुलूप. मालकांनी मोठ्या यंत्राची चौकशी केली, तर ते यायलाच सहा महिने लागणार होते. आम्हा सगळ्यांची तोंडं उतरली.

काकूंची धाकटी मुलगी एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. भांडी विसळता विसळता ती आईला म्हणाली, "केळ्याची साल वाळवून भरडली ना, की ती पाण्यातलं निकेल धरून ठेवते. आमच्याकडे एकीने करून पाहिलंय."

"अगं, मग मी रोज दोन बादल्या भरून फेकते ते काय!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांकडे मागची शेड मागितली. मालकांनी मुकाट्याने किल्ली दिली. हसलो ते आम्ही. "काकू आता पाण्यालाही नाश्ता देणार," फोरमन म्हणाला.

पहिल्या पिंपात वाळलेल्या सालींची भुकटी भरून वरून धुण्याचं पाणी सोडलं, पण भुकटी इतकी बारीक पडली की तिचा लगदा झाला आणि तासाभरात पेलाभर पाणीसुद्धा खाली उतरेना. दुसऱ्या खेपेला उतरलं ते तांबूस, वास मारणारं. "चहा झाला, साखर तेवढी टाका," फोरमन म्हणाला. काकूंनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. साली उकळून, रंग सुटायचा थांबेपर्यंत पाणी बदलत राहिल्या, मग वाळवून जाडसर भरडल्या. तरी मुलीने तपासलं, तर निकेल निम्म्यानेच कमी झालं होतं.

"पाणी आंबट आहे आई," मुलगी म्हणाली. "आंबट पाण्यात साल नीट धरत नाही."

 काकू म्हणाल्या, "आंबटपणा मारायला अंड्याची टरफलं चालतील?"

"चालतील की! टरफलात चुनखडीच असते," मुलगी म्हणाली.

मग ओळीने तीन पिंपं लागली: पहिल्यात टरफलांचा चुरा, पुढच्या दोन पिंपांत सालींची भरड. या वेळच्या पाण्याची बाटली मात्र काकूंनी लेकीला तपासू दिली नाही. "तुझ्या साहेबांना तपासू दे. उद्या कुणी म्हणायला नको की घरचंच होतं." साहेबांचा निकाल चांगला आला.

वापरलेली भरड फोरमन कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाला, तेव्हा काकू दारात आडव्या उभ्या राहिल्या. "पाण्यातलं विष काढून मातीत घालायचं होतं, तर आपण एवढी खटपट कशाला केली?" मालकांनी ती भरड पिंपात बंद करून विषारी कचरा नेणाऱ्यांकडे पाठवायची सोय केली.

मुदत संपायच्या चार दिवस आधी त्या सरकारी बाई आल्या आणि स्वतःच्या हाताने बाटल्या भरून घेऊन गेल्या. आठवड्याने कागद घेऊन परत आल्या. निकेल मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. आकडा ऐकून तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि मालक खुर्चीत बसून डोळे पुसू लागले.

"ही योजना कोणत्या इंजिनियरची?" बाईंनी विचारलं.

"या आमच्या काकूंची," फोरमनच पुढे होऊन म्हणाला.

बाईंनी शेडमध्ये जाऊन तिन्ही पिंपं उघडून पाहिली, वहीत नोंद केली आणि काकूंशी हात मिळवला. काकूंनी आधी आपला ओला हात पदराला पुसला.

आता कॅन्टीन दुसरी बाई बघते. शेडच्या दारावर 'पाणी विभाग' अशी पाटी लागली आहे. शनिवारी आसपासच्या कारखान्यांतली माणसं शिकायला येतात. काकू त्यांना आधी आपल्या फसलेल्या पिंपांची गोष्ट सांगतात, आणि मगच साली उकळायला लावतात.